उकंड्याची पायली

किसनराव पाटलानं पायलीभर ज्वारी वाचवाले आपला पोरगा अठरा वर्षं माह्या पदरी ठेवला, आणि मंग कॉलेजची फी वाचवाले साहेबापुढं तोच पोरगा नाकबूल केला. मी हे बोलली की बाया म्हणतात, सुभद्राबाई, तुमची जीभ लय तिखट. असू दे तिखट. खोटी तं नाही ना!

मी जानेफळच्या शाळेतल्या भगवंतराव मास्तरची बायको. मास्तरच्या घरात राहून माही बोली अर्धी सुधारली आणि अर्धी तशीच राह्यली, ते तुम्ही समजून घ्या. किसनराव म्हणजे मास्तरचे चुलतभाऊ, वयानं मोठे, तवा माहे भासरे. गावची पाटिलकी त्यायच्याकडं. वावर इतकं की एका दिवसात पायी फिरून होत नाही. पण जेवतानी आपल्याच घरी पानात तूप जास्त पडलं, तं ते परत वाटीत काढाले सांगणारा माणूस.

आमच्याकडं भासऱ्यासमोर बाईनं तोंड उघडून बोलायची रीत नाही. म्हणून मले त्यायले काही सांगायचं असलं की मी दाराआडून पाण्याच्या हंड्याले सांगे. "हंड्या, पाटलाले सांग, मास्तर नदीवर गेले." पाटील ओट्यावरून ते आइकत आणि उठून जात. आमचं दोघायचं सारं बोलणं असं हंड्याच्या हातून चाले.

त्यायची बायको अंबूबाई, माही जाऊ. निरी गाय. तिचे चार लेकरं पाळण्यातच गेले. पाचवं झालं तवा सुईण म्हणे, याले उकंड्यावर टाका. आमच्याकडं असंच करतात. ज्या घरचे लेकरं जगत नाहीत, त्या घरचं नवं लेकरू सुपात घालून शेणाच्या उकंड्यावर नेऊन ठेवतात. देवाले वाटते, यायले हे नकोच आहे, मंग आपण तरी काऊन न्याव? जिचे लेकरं जितेजागते आहेत अशी बाई तथी येते, 'मले पोरगं सापडलं वं' म्हणते आणि उचलून घरी नेते. तवापासून पोरगं तिचं. मंग चार-सहा महिन्यानं खरे मायबाप येतात आणि शिगेची पायली, म्हणजे वरतं ढीग लागलेली पायलीभर ज्वारी देऊन आपलं लेकरू इकत घेतात. असं लेकरू वाचलं की त्याचं नाव उकंडराव.

त्याले उचलणारी मी. माही रेणुका तवा अंगावर पीत होती. मी उकंड्यावर वाकली तं ते एवढंसं पोट्टं रडलं भी नाही, माह्याकडं टुकूटुकू पाहत राह्यलं. अंबूबाईले दूधच आलं नाही. एका मांडीवर रेणू, एका मांडीवर उकंडा, असं दोघायले मीच पाजलं. सांगा आता, ते मले नुसतं रीतीचं पोरगं कसं वाटीन?

इकत घ्यायची वेळ आली तवा किसनराव म्हणे, "देऊ ना पोळ्याले." पोळा गेला. "देऊ दिवाळीले." दिवाळी गेली. मंग म्हणाले लागले, "घरातल्या घरात कायची ज्वारी मोजता?" आणि एक दिवस त्यायच्या ध्यानात आलं की इकत घेतलं नाही तोवर पोराचं खाणं आणि कपडे उचलणारीकडं. झालं! तवापासून पाटलाले रीतीचं इतकं प्रेम आलं की इचारू नका. उकंड्याचा सदरा फाटला की मास्तरले निरोप येई, "रीत आहे बापा, मोडून कसं चालीन?"

शाळेत नाव घालतानी अंबूबाईले भेव वाटलं, बापाचं नाव लागलं तं देवाले पत्ता लागीन. म्हणून मास्तरनं लिहिलं, उकंडराव भगवंतराव. साऱ्या गावाले हे ठाऊक होतं, कोणाले त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगं झोपे पाटलाच्या घरी आणि खाये माह्या चुलीपाशी. मले माय म्हणे, अंबूबाईले मोठी माय म्हणे, आणि बापाले म्हणे 'पाटील'.

रेणू आणि उकंडा संगंच मॅट्रिक झाले. बुलढाण्याले माही बहीण आहे, तिच्याकडं राहून दोघं शिकले. रेणू पहिल्या वर्गात आली. उकंडा तिसऱ्या वर्गात, आणि ते भी रेणूनं कान धरून त्याच्याकडून बीजगणित घोटून घेतलं म्हणून. रेणूच्या मनात एकच होतं, अमरावतीचं कॉलेज. मास्तरच्या पगारात ते होणं नाही हे पोरीले कळे. ती कधी बोलली नाही, पण भाकरी थापतानी भी पुस्तक चुलीपाशी उघडं राहे आणि पानावर पीठ पडे.

त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कौन्सिलानं ठराव केला: जो मास्तर लय वर्षं नोकरीत आहे, त्याच्या एका लेकराची कॉलेजची फी माफ. मास्तर धोतराचा सोगा हातात धरून शाळेतून पळत आले. मी त्यायले लग्नात भी पळतानी पाह्यलं नव्हतं. "अवं, रेणू चालली अमरावतीले!" रेणूनं तव्यावरची भाकर तशीच जळू देल्ली, बापाच्या पाया पडली आणि हमसून हमसून रडली. मी त्या दिवशी गुळाचा शिरा केला. उकंड्यानं तो दोन वेळा मागून खाल्ला आणि म्हणे, "रेणे, आता माहं बीजगणित सुटलं बाप्पा!"

दोन दिवस आम्ही सुखात होतो. मंग किसनराव ओट्यावर येऊन बसले.

"भगवंता, तुह्या पोराची फी माफ झाली म्हणतात."

"पोरीची, दादा."

"पोरीले काय करायचं कॉलेज? लग्न होऊन जाईन ते. शाळेत उकंडा कोणाचा पोरगा लिहिला आहे? तुहाच ना? मंग?"

"पण दादा, ठराव एकाच लेकराचा आहे."

"मंग मी भी एकच तं सांगून राह्यलो!"

मी आतून म्हणाली, "हंड्या, पाटलाले इचार, वावरं काय इकून खाल्ले का? पोराची फी भराले धाड भरली का?"

किसनराव हसले. "भगवंता, तुह्या घरचा हंडा लय बोलते बरं."

गावची शाळा पाटलाच्या जागेत भरे. पाटील रुसले तं पोरायले झाडाखाली बसवा लागे. आणि मोठ्या भावापुढं मान वर करायची मास्तरले लहानपणापासून सवय नाही. साऱ्या जिल्ह्याच्या पोरायवर डोळे वटारतीन, पण किसनरावपुढं आले की पायाचा अंगठा पाहतीन. दुसऱ्या दिवशी त्यायनं अर्जात उकंड्याचं नाव घातलं. तवापासून मी त्यायले वाढे, पण त्यायच्याशी बोले नाही.

रेणूनं वह्या-पुस्तकं फडक्यात बांधून माळ्यावर टाकले. मी डोळे पुसत होती तं मलेच समजावते, "माय, उकंडा भी तुहाच आहे ना? मंग कायले रडतं?" माह्या काळजाले घरं पडले. तिनं शिव्या देल्ल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं.

उकंडा सांजच्याले आला. "माय, मले नाही जायचं. रेणूले पाठव."

"हे मले काय सांगतं? बापाले सांग."

"कोणत्या?" त्यानं इचारलं.

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

आता तिकडं काय झालं होतं, ठराव झाल्याबरोबर जिल्ह्यातल्या मास्तरायले पोरंच पोरं फुटले होते. कोणाचा भाचा पोरगा झाला, कोणाचा साळा पोरगा झाला. एका बिनलग्नाच्या मास्तरले भी म्हणे मिशा फुटलेला पोरगा निघाला. म्हणून शाळाखात्याच्या साहेबानं फर्मान काढलं, प्रत्येकानं आपलं लेकरू घेऊन बुलढाण्याले या आणि तोंडी सांगा. आम्ही मेहकरातून शकूरभाईच्या मोटारीनं निघालो. किसनराव संगं आले, कारण त्यायचा मास्तरच्या खरं बोलायच्या सवयीवर भरोसा नव्हता. मी बहिणीले भेटाले म्हणून निघाली आणि कचेरीच्या खिडकीखाली जाऊन उभी राह्यली.

साहेब नागपूरकडचे होते, चष्मा नाकावर. त्यायनं उकंड्याले इचारलं, "वडलांचं नाव?"

"भगवंतराव."

"आईचं?"

"सुभद्राबाई."

ते त्यानं इतकं चटकन सांगतलं, इतकं चटकन, की मले खिडकीखाली रडूच आलं. त्या खोलीत तेवढा एकच जण खरं बोलला, असं मले अजून वाटते.

साहेबानं एकदा उकंड्याकडं पाह्यलं, एकदा किसनरावकडं. तेच बसकं नाक, तेच सुपासारखे कान. "पाटील, हा मुलगा तुमच्यासारखा दिसतो."

"घराण्याचं नाक आहे साहेब. चुलतभावाचाच ना तो."

"तुम्हाला मुलं किती?"

किसनरावनं मोठा सुस्कारा सोडला. "कायचे पोरं साहेब! चार झाले, चारही गेले. देवानं मले पोरगा देल्लाच नाही." आणि उपरण्यानं डोळे पुसले. तेही खरेखुरे ओले झाले असतीन, फी वाचत होती ना!

"असं लिहून द्याल?"

"आत्ता देतो," म्हणत पाटलानं सही ठोकली. आयुष्यात सही कराले त्यायनं कधी इतकी घाई केली नव्हती. मास्तर अंगठा पाहत होते. उकंड्याचे कान लालबुंद झाले. मेलेल्या पोरायसाठी रडणारा बाप मी पाह्यला होता, जित्या पोराच्या तोंडासमोर 'मले पोरगा नाही' म्हणणारा तवाच पाह्यला. मले असा राग आला की बस्स!

घरी आल्यावर मी काही कोणाशी भांडली नाही. वाटी घेतली आणि विरजण मागाले रामरावच्या घरी गेली. रामराव म्हणजे किसनरावचे सख्खे धाकटे भाऊ. वावराच्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून दोघायचं बोलणं बंद. त्यायची बायको सरस्वतीबाई दही काढून राह्यली होती, मी तिच्यापाशी बसली.

"सरस्वती, आमच्या पाटलाचं लय वाईट वाटते वं."

"काऊन? काय झालं?"

"साहेबासमोर रडले बापा. लिहूनच देल्लं, मले पोरगा नाही म्हणून. सही भी केली. मंग त्यायच्या मागं पाटिलकी कोणाकडं जाईन, काय माईत!"

यात एक भी अक्षर खोटं असलं तं सांगा. घरी माह्या दुधाले विरजण लागायच्या आधी रामराव मेहकरच्या तहसिलीत पोचले होते. भाऊ निपुत्रिक आहे, त्यायनं सवता लिहून देल्लं आहे, तवा त्यायच्या मागं पाटिलकी आणि वावर माह्या पोराकडं याव, असा अर्ज त्यायनं ठोकून देल्ला.

तहसिलीचा माणूस गावात आला त्या दिवशी किसनराव बिनपागोट्याचे आमच्या ओट्यावर आले. मी त्यायचं टक्कल पहिल्यांदा पाह्यलं.

"भगवंता, माहा पोरगा परत दे!"

मास्तर म्हणे, "मी कुठं ठेवून घेतला दादा?"

"लिहून दे मेहकरले, उकंडा किसनरावचा आहे म्हणून. बुलढाण्याचं राहू दे तसंच. फीपुरता तुहा, पाटिलकीपुरता माहा. दोन कचेऱ्या, कोणाले काय समजते!"

मास्तर हो म्हणाले असते. देवाशपथ सांगते, त्यायची मान हलाले लागली होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला, उंबरा ओलांडला आणि ओट्यावर येऊन किसनरावच्या तोंडासमोर उभी राह्यली.

"दादा, फीपुरतं पोरगं आणि पाटिलकीपुरतं पोरगं असं नसते. इकत घ्याचं तं अख्खं घ्या. आधी बुलढाण्याले जा, साहेबाले तोंडानं सांगा, पोरगा माहा आहे. मंग शिगेची पायली घेऊन उकंड्यावर या. तोवर तो माहा आहे. पाटिलकी जाते तं जाऊ द्या रामरावच्या घरी!"

किसनराव माह्याकडं न पाहता हंड्याकडं पाहाले लागले, जसा काही तोच बोलला. मंग पाटील म्हणे, "बरं." एवढंच.

मी जिंकली होती. रेणूची फी परत रेणूकडं आली होती. मी मागं वळली तं दारात उकंडा उभा.

"माय, मले इकतं?"

काय सांगू त्याले? रागाच्या भरात माह्या ध्यानात एक गोष्ट आलीच नव्हती. इकल्यावर उचलणारीनं त्याले पोरगा म्हणायचं नाही आणि पोरानं तिले माय म्हणायचं नाही, देवाले कळते म्हणतात. किसनरावनं एक पोरगा फीसाठी नाकबूल केला म्हणून मी त्यायले इतकं बोलली, आणि मी तरी काय केलं? एका लेकराच्या फीसाठी दुसरं इकाले काढलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "भाकर खाऊन घे." त्यानं खाल्ली.

बुलढाण्याचा तमाशा मास्तरनं येऊन सांगतला. साहेबानं चष्मा काढला म्हणे, पुसला, परत घातला. "पाटील, एका महिन्यात तुम्हाला मुलगा झाला आणि तो मॅट्रिकसुद्धा झाला? वऱ्हाडची जमीन सुपीक आहे असं ऐकलं होतं." मंग रेणूचे मार्क पाहून मास्तरले म्हणाले, "हे नाव आधीच का दिलं नाहीत?" मास्तरनं मले हे दोन वेळा सांगतलं, दुसऱ्या वेळेले रेणूले समोर बसवून. मी त्या दिवसापासून त्यायच्याशी बोलाले लागली.

किसनराव म्हणे, आता कायचं कॉलेज, उकंड्याले वावर पाहू द्या. पण अंबूबाई, जिनं जन्मात नवऱ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "पोरगा माहा असन तं तो शिकाले जाईन. नाहीतर मी उद्या तहसिलीत जाऊन सांगते, मास्तरचाच आहे." पाटलानं फी भरली. पुरी भरली, बिनमाफीची. गावात दोन दिवस कोणी दुसरा विषय काढला नाही.

उकंड्यावर सारं गाव जमलं. तोच उकंडा, तीच जागा. फक्त पोट्टं सुपात मावत नव्हतं. कॉलेजसाठी शिवलेला कोट घालून बिचारा शेणात उभा, आणि खालून पोरं ओरडून राह्यले, "उकंडराव, बूट सांभाळा!" अंबूबाई पदरानं तोंड झाकून उभी होती. रामराव तर मुद्दाम पाहाले आले होते. किसनरावनं पोत्यातून पायली भरली, वर चांगली शीग आली. मंग त्यायचा जीव खालीवर झाला. साऱ्यायच्या देखत त्यायनं पायलीवरून तळहात फिरवला, शीग पाडली, आणि पडलेली ज्वारी ओंजळीनं परत पोत्यात घातली.

"दादा, शीग!" रामराव ओरडले.

"ज्वारी काय आता तवाच्या भावानं राह्यली आहे का?" किसनराव म्हणे.

लोक हसाले लागले. मी म्हणाली, "राहू द्या. जितकी ज्वारी कमी देल्ली, तितकं पोरगं माह्याकडं राह्यलं." सारे अजून हसले. मी भी हसली. मंग पायली उचलाले वाकली आणि तथीच खाली बसली. रेणूनं ती उचलून घरी आणली. ती ज्वारी मी दळली नाही.

जायच्या दिवशी शकूरभाईची मोटार मेहकरातून मलकापूरले निघणार होती, तथून आगगाडी. रेणूनं माळ्यावरचं फडकं काढलं होतं, ते मांडीवर घेऊन ती खिडकीपाशी बसली. तिचं तोंड पाहून मले वाटलं, जे झालं ते बरंच झालं. उकंडा सगळ्यायच्या पाया पडत आला. किसनरावच्या पडला, "येतो, बाबा." अठरा वर्षांत त्याच्या तोंडून ते कोणी आइकलं नव्हतं, पाटलाचं तोंड असं खुललं! मंग माह्यापुढं वाकला.

"येतो, काकू."

"येजो," मी म्हणाली. रीतच आहे, काय करता.

शकूरभाईनं हँडल मारलं, मोटार धडधडली, हलली. तेवढ्यात रेणूच्या मागून उकंड्यानं अर्धं अंग बाहेर काढलं, मूठ मिटून हात हलवला आणि गळा फाडून ओरडला, "माय! ए माय! मूठभर तुहाच आहो वं!" मोटार वळली तरी तो हात दिसत होता.

किसनरावले मोटारीच्या आवाजात काही समजलं नाही. ते इकडंतिकडं पाहत म्हणाले, "काय म्हणून राह्यला पोरगा?"

तथी हंडा नव्हता. मी डोळे पुसले आणि त्यायलेच सांगतलं, "शीग मागून राह्यला, दादा."